खाल्लेलं अंगी कसं लागतं?

सध्या खाण्यावरून जेवढा गोंधळ चालू आहे तेवढा क्वचितच कशावरून असेल. एकीकडे वजन उतरवायच्या इंजेक्शनच्या बातम्या, दुसरीकडे प्रत्येक पाकिटावर ठळक अक्षरात प्रोटीनचे ग्रॅम, तिसरीकडे आतडी "साफ" करून देणारे ज्यूस, आणि मधेच कोणीतरी ठामपणे सांगून जातं की अमुक आणि तमुक एकत्र खाल्लं की ते पोटात सडतं. या सगळ्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की तोंडात गेलं म्हणजे शरीरात गेलं. तसं नसतं हो. गिळणं आणि अंगी लागणं यांच्यामध्ये बरेच तास जातात, आणि काय आत घ्यायचं, किती घ्यायचं हे ठरवणारी एक भिंत मधे उभी असते, जी जेमतेम एका पेशीएवढी जाड असते. ती भिंत कळली की वरचे बरेचसे दावे आपले आपणच तपासता येतात, म्हणून मी तिच्यापाशी जरा जास्त रेंगाळणार आहे.

पोटातलं अन्न अजून बाहेरच असतं

ऐकायला विचित्र वाटेल पण खरं आहे. तोंडापासून गुदद्वारापर्यंत एकच सलग नळी आहे आणि ती दोन्ही टोकांना उघडी आहे. नळीच्या पोकळीत जे आहे ते अजून शरीराच्या आत आलेलंच नाही. लहान मूल एखादं नाणं गिळतं आणि बहुतेक वेळा ते दोन-चार दिवसांत जसंच्या तसं बाहेर पडतं, रक्तात वगैरे काही जात नाही, कारण ते भिंत ओलांडूच शकत नाही. (तरी डॉक्टरांना दाखवाच. आणि घड्याळातला चपटा सेल गिळला असेल तर वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल गाठा, तो अन्ननलिका आतून जाळतो.)

आता अन्नाचं तसं का होत नाही? तर अन्न सुटं होतं म्हणून. मोठा लाकडी पलंग अरुंद दारातून आत न्यायचा असेल तर आपण काय करतो, स्क्रू काढतो, फळ्या वेगळ्या करतो, एकेक फळी आत नेतो आणि मग आत जोडतो. शरीर अगदी हेच करतं, फक्त आत गेल्यावर पुन्हा तोच पलंग जोडत नाही, त्या फळ्यांचं कधी टेबल होतं, कधी कपाट, आणि काही फळ्या सरळ चुलीत जातात. सुटं करण्याला पचन म्हणायचं आणि दारातून आत नेण्याला शोषण. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या, त्यांचं सुटं ग्लुकोज होतं. प्रोटीन म्हणजे २० प्रकारच्या अमिनो अ‍ॅसिडच्या माळा, त्यांचे सुटे मणी किंवा दोन-तीन मण्यांचे तुकडे होतात. फॅटचे फॅटी अ‍ॅसिड आणि इतर छोटे भाग होतात. हे तोडायचं काम करणारी जी प्रोटीन्स असतात ती एन्झाइम. एवढ्या भांडवलावर पुढचं सगळं कळतं.

तोंड, आणि पोटाला भोक पडलेला माणूस

तोंडात दिवसाला साधारण एक ते दीड लिटर लाळ तयार होते आणि तिच्यात स्टार्च तोडणारं एन्झाइम असतं. नुसता भात किंवा ब्रेडचा तुकडा काहीही न लावता खूप वेळ चावत राहा, हळूहळू गोडसर लागायला लागतो, ते हेच. चावण्याचं महत्त्व मात्र या एन्झाइमपेक्षा जास्त आहे, तुकडे जितके बारीक तितका पुढच्या एन्झाइमना हात घालायला पृष्ठभाग जास्त, एवढं साधं गणित आहे.

मग जठर. जठरात नक्की काय होतं यावर बराच काळ नुसते वाद होते, कोणी म्हणायचं दळलं जातं, कोणी म्हणायचं शिजतं, कोणी म्हणायचं कुजतं. उत्तर मिळालं ते एका अपघातामुळे. १८२२ साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या, फरच्या धंद्यात काम करणाऱ्या तरुणाला अगदी जवळून बंदुकीची गोळी लागली. तो वाचला पण जखम अशी भरली की पोटाला बाहेरून जठरात जाणारं भोक कायमचं राहिलं. त्याच्यावर उपचार करणारा लष्करी डॉक्टर विल्यम ब्यूमाँट रेशमी दोऱ्याला मांसाचे, ब्रेडचे, कोबीचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडायचा आणि काही वेळाने ओढून बघायचा की काय उरलंय. एवढंच नाही, जठरातला रस बाहेर काढून बाटलीत ठेवला, बाटली शरीराइतकी गरम ठेवली, त्यात मांस टाकलं, आणि ते तिथेही विरघळलं. म्हणजे काम रसायनाचं आहे हे नक्की झालं. १८३३ मध्ये त्याने हे सगळे प्रयोग पुस्तकात छापले. आजच्या कुठल्याही एथिक्स कमिटीने हे पास केलं नसतं, सेंट मार्टिन गरीब होता, करार करून बांधलेला होता आणि या सगळ्याला कंटाळून एकदा पळूनही गेला होता. गंमत म्हणजे तो डॉक्टरपेक्षा बरीच वर्षं जास्त जगला, आणि १८८० मध्ये वारला तेव्हा घरच्यांनी शवविच्छेदन होऊ नये म्हणून मृतदेह मुद्दाम खराब होऊ देऊन मगच पुरला.

जठरातलं अ‍ॅसिड खरंच जबरदस्त असतं, रिकाम्या पोटी पीएच दीड-दोनच्या आसपास (हा आकडा जितका कमी तितकं अ‍ॅसिड तीव्र). त्यात प्रोटीन तोडणारं पेप्सिन असतं आणि अन्नाबरोबर आलेले बरेच जंतू तिथेच मरतात. मग जठर स्वतःला का पचवत नाही? आतल्या अस्तरावर चिकट म्युकसचा थर असतो, त्या थरात अ‍ॅसिडला मारणारा क्षार असतो, आणि पेप्सिन निष्क्रिय रूपातच सोडलं जातं, अ‍ॅसिडमध्ये आल्यावर ते जागं होतं. हा बंदोबस्त कुठे कमी पडला की अल्सर. अल्सर टेन्शनने आणि तिखटाने होतो असं डॉक्टरसुद्धा मानायचे, मग बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू पुढे आणला, आणि कोणी विश्वास ठेवेना म्हणून मार्शलने १९८४ मध्ये स्वतःच तो पिऊन दाखवला. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं.

पण एवढा बोलबाला असला तरी अन्नातली पोषकद्रव्यं जठरातून जवळजवळ काहीच शोषली जात नाहीत. कॅन्सरमुळे पूर्ण जठर काढावं लागलेली माणसं थोडं थोडं, पुन्हा पुन्हा खाऊन जगतात, त्यांना बी१२ बाहेरून घ्यावं लागतं, पण जगतात. लहान आतडं पूर्ण काढलं तर मात्र तोंडाने खाऊन जगता येत नाही, सलाइनसारखं पोषण थेट शिरेतून द्यावं लागतं. खरं काम कुठे चालतं ते यावरून कळावं.

लहान आतड्याच्या सुरुवातीला

जठराच्या खालच्या तोंडाशी एक गोल स्नायू असतो, तो अन्नाचा रबरबीत लगदा एकदम सोडत नाही, थोडा थोडा सोडतो. हा लगदा आंबट असतो आणि पुढची एन्झाइम अ‍ॅसिडमध्ये चालत नाहीत, त्यामुळे पहिल्या पंचवीसेक सेंटीमीटरच्या तुकड्यातच त्याचं अ‍ॅसिड मारावं लागतं. हे काम स्वादुपिंडाचं, म्हणजे पॅनक्रियाजचं. पण अ‍ॅसिड आलंय हे त्याला कळतं कसं? तेव्हाची समजूत अशी की सगळे निरोप नसांमधून, म्हणजे मज्जातंतूंमधून, जातात. १९०२ मध्ये लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी एका कुत्र्याच्या आतड्याच्या तुकड्याच्या नसा तोडून टाकल्या, मग त्यात अ‍ॅसिड घातलं, तरी पॅनक्रियाजने रस सोडलाच. म्हणजे निरोप रक्तातून गेला होता. त्या निरोप्याला त्यांनी सीक्रेटिन नाव दिलं, आणि हार्मोन ही कल्पनाच तिथून सुरू झाली. हे लक्षात ठेवा, इंजेक्शनच्या मुद्द्याला लागणार आहे.

पॅनक्रियाज स्टार्च, प्रोटीन, फॅट तिन्हींची एन्झाइम एकाच रसातून पाठवतं. त्यातली प्रोटीन तोडणारी निष्क्रिय असतात, आतड्यात पोचल्यावरच चालू होतात. ती चुकून आतच चालू झाली तर पॅनक्रियाज स्वतःलाच पचवायला लागतं, पॅनक्रियाटायटिस म्हणतात तो हाच, आणि तो भयंकर दुखतो.

पित्त लिव्हरमध्ये बनतं, पित्ताशयात साठतं. त्यात एन्झाइम नसतं. तेल आणि पाणी मिसळत नाही ना, तर पित्तातले क्षार तेलाच्या मोठ्या थेंबांचे अगदी बारीक थेंब करतात म्हणजे एन्झाइमना ते तोडता येतात. काम झालं की यातले ९५ टक्क्यांच्या आसपास क्षार लहान आतड्याच्या शेवटी परत शोषले जाऊन लिव्हरकडे जातात आणि पुन्हा वापरले जातात. खड्यांमुळे पित्ताशय काढलेल्यांना पचन बंद पडेल अशी भीती असते, तसं होत नाही, पित्त साठून एकदम येण्याऐवजी सतत थोडं थोडं येत राहतं इतकंच. काहींना सुरुवातीला फॅट जास्त झालं की जुलाब होतात.

ती भिंत

लहान आतड्याची आतली बाजू गुळगुळीत नसते, मखमलीसारखी दिसते. अर्धा ते एक मिलिमीटर उंचीची बोटं दाटीवाटीने उभी असतात, त्यांना व्हिलाय म्हणतात, आणि प्रत्येक बोटावरच्या प्रत्येक पेशीच्या डोक्यावर पुन्हा त्याहून कितीतरी बारीक बोटांचं जंगल. हे सगळं पसरलं तर टेनिस कोर्ट भरेल असं आपण शाळेपासून ऐकत आलोय, पण स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये नव्याने मोजलं तर पूर्ण पचनमार्गाचं क्षेत्रफळ साधारण ३२ चौरस मीटर निघालं. टेनिस कोर्टाच्या मानाने फारच कमी, पण आपल्या सगळ्या त्वचेचं क्षेत्रफळ दोन चौरस मीटरच्या आसपास असतं हे बघता हेही काही कमी नाही.

या पेशी तीन ते पाच दिवस जगतात. बोटांच्या बुडाशी नव्या पेशी जन्मतात, वर सरकत जातात आणि टोकाशी गळून पडतात. म्हणूनच वेगाने वाढणाऱ्या पेशींवर मारा करणारी केमोथेरपी घेताना जुलाब होतात. म्हणूनच जुलाबाच्या साथीतून उठल्यावर काही लोकांना थोडे दिवस दूध सोसत नाही, कारण दुधातली साखर तोडणारं लॅक्टेज बोटांच्या टोकाकडच्या पेशींवर असतं आणि त्याच पेशी गेलेल्या असतात. जगातल्या साधारण दोन-तृतीयांश मोठ्या माणसांमध्ये लॅक्टेज लहानपणानंतर कमी होतच जातं, म्हणजे मोठेपणी दूध न पचणं हा काही आजार नाही, उलट पचणं हाच जरा अपवाद.

आता प्रत्यक्ष आत जाणं. ग्लुकोजचा कण आपोआप झिरपत नाही, त्याला भिंतीतल्या एका खास प्रोटीनच्या दारातून यावं लागतं, आणि त्या दाराची अट अशी की ग्लुकोजने एकट्याने यायचं नाही, सोबत सोडियम हवं. एका ग्लुकोजबरोबर दोन सोडियम. दोघं आत गेले की त्यांच्यामागे पाणी जातं. ही जोडीची कल्पना रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० मध्ये प्रागच्या एका परिषदेत मांडली, तेव्हा ती निव्वळ प्रयोगशाळेतली गोष्ट वाटली असणार.

तिने किती जीव वाचवले ते बघा. कॉलऱ्यात आतड्यातून पाणी आणि मीठ अक्षरशः वाहून जातं, माणूस काही तासांत कोरडा पडून मरू शकतो. नुसतं पाणी पाजून भागत नाही, पुरेसं शोषलंच जात नाही. पण कॉलऱ्याचं विष सोडियम-ग्लुकोजच्या त्या दाराला हात लावत नाही, ते चालूच असतं. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांमध्ये कॉलरा पसरला, पश्चिम बंगालमधल्या बनगावला डॉ. दिलीप महालनबीस काम करत होते आणि शिरेतून द्यायच्या सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. त्यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोजची पाकिटं करून घेतली, पाण्यात मिसळून पिंपं भरली आणि पेशंटच्या घरच्यांनाच सांगितलं की पाजत राहा. तिथलं मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. हेच आपलं ओआरएस. २००२ पासूनच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या फॉर्म्युल्यात एका लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं (शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट), सोडियमचे आणि ग्लुकोजचे कण मोजून सारखे ठेवलेले. म्हणून जुलाबात कोल्ड्रिंक किंवा पॅकबंद ज्यूस हा पर्याय नाही, त्यात साखर इतकी जास्त असते की ती उलट पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. आणि पाकीट कमी पाण्यात "कडक" करून पाजायचं नाही, त्यावर जेवढं लिहिलंय तेवढंच पाणी.

बरं, जुलाब नसतानासुद्धा या भिंतीवरून दिवसाला साधारण ९ लिटर द्रव जातो, त्यातला दोनेक लिटर आपण प्यायलेला आणि बाकी लाळ, जठररस, पित्त वगैरे आपलाच. शेवटी शौचातून बाहेर पडतो १००-२०० मिलिलिटर.

फॅट जातं दुसऱ्याच वाटेने

साखर आणि अमिनो अ‍ॅसिड आतड्याच्या रक्तवाहिन्यांमध्ये जातात आणि तिथून थेट लिव्हरकडे, म्हणजे बाकी शरीराच्या आधी लिव्हर त्यांची वाटणी करतं. फॅटचं तसं नाही. पेशीच्या आत त्याचे तुकडे पुन्हा जोडले जातात, प्रोटीनच्या वेष्टनात गुंडाळले जातात आणि ते गोळे रक्तवाहिनीत मावत नाहीत म्हणून लसिकावाहिन्यांमध्ये (रक्तवाहिन्यांसारखंच, पण रक्ताऐवजी पातळ द्रव वाहून नेणारं वेगळं जाळं) जातात, मग छातीतून वर चढत मानेपाशी रक्ताला मिळतात. या वाहिन्या १६२२ मध्ये गास्पारे आसेली या इटालियन डॉक्टरला अचानक दिसल्या. नुकतंच खाल्लेल्या कुत्र्याचं पोट त्याने उघडलं तर आतड्याच्या पडद्यावर पांढऱ्या रेघांचं जाळं, आधी त्याला ते मज्जातंतू वाटले, एक कापली तर दुधासारखा पांढरा पदार्थ बाहेर आला. उपाशी कुत्र्यात मात्र काहीच दिसेना. साहजिकच आहे, फॅट खाल्ल्याशिवाय त्या पांढऱ्या होतच नाहीत. भरपूर तेलकट जेवणानंतर काढलेलं रक्त स्थिर ठेवलं तर वरचा पातळ भाग गढूळ दिसू शकतो तो यामुळेच, आणि ट्रायग्लिसराइडची (म्हणजे रक्तातल्या फॅटची) टेस्ट उपाशीपोटी करायला सांगतात त्याचंही कारण हेच. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं फॅटच्याच सोबतीने जातात, म्हणजे एकदम तेलविरहित जेवणाबरोबर ड ची गोळी घेणं फारसं हुशारीचं नाही.

लोह आणि बी१२

भिंत "ठरवते" म्हणजे काय याचं सगळ्यात चांगलं उदाहरण लोह. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोयच शरीरात नाही, त्यामुळे सगळा कंट्रोल आत घेतानाच ठेवावा लागतो. साठा पुरेसा असला की लिव्हर हेप्सिडिन नावाचं हार्मोन सोडतं आणि आतड्याच्या पेशीतलं लोह रक्तात जाणं थांबतं, तीन-चार दिवसांत ती पेशी गळून पडते आणि लोह तिच्याबरोबर बाहेर. साठा कमी असला की हेप्सिडिन उतरतं आणि शोषण वाढतं. म्हणजे तेच जेवण दोन माणसांनी जेवलं तरी दोघांना सारखं लोह मिळेल असं नाही. शिवाय मांसातलं लोह सहज शोषलं जातं, वनस्पतींमधलं कमी, त्याला क जीवनसत्त्वाची मदत होते आणि चहा-कॉफीचा अडथळा होतो. लोहाची गोळी चहाबरोबर घेणाऱ्यांनी एवढं एक बदललं तरी फरक पडतो.

बी१२ ची तऱ्हा आणखी न्यारी. जठर एक प्रोटीन बनवतं, ते बी१२ ला धरून ठेवतं, आणि लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागातच ती जोडी आत घेतली जाते. यात जठर बिघडलं, किंवा आतड्याचा तो तुकडा ऑपरेशनमध्ये गेला, की खाण्यात कितीही असलं तरी बी१२ कमी पडतं. मधुमेहाचं मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्येही ते उतरू शकतं, तपासून घ्या.

"मग लेबलवरच्या कॅलरी खोट्या का?"

खोट्या नाहीत, सरासरी आहेत. प्रोटीन आणि कार्बोहायड्रेट ग्रॅमला ४, फॅट ९, हे आकडे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी विल्बर अ‍ॅटवॉटर या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या कामातून आले. पण पदार्थाची रचना यात धरलेली नसते. २०१२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी माणसांना बदाम खायला घालून, बाहेर काय पडतंय तेही मोजून हिशोब केला, तर २८ ग्रॅम अख्ख्या बदामांतून मिळाल्या साधारण १२९ कॅलरी, लेबलप्रमाणे त्या १७० च्या आसपास असायला हव्यात. बदामाच्या पेशींच्या भिंती चावूनही सगळ्या फुटत नाहीत, आतलं तेल आतच राहून बाहेर जातं. अंड्याचं उलट बाजूने तेच. १९९८ च्या एका छोट्या प्रयोगात शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे ९१ टक्के प्रोटीन पचलं आणि कच्च्यातलं फक्त ५१ टक्के, कारण उष्णतेने प्रोटीनच्या घड्या उलगडतात आणि एन्झाइमना आत शिरता येतं. ताकद येते म्हणून कच्ची अंडी पिणाऱ्यांनी हा आकडा वाचावा (आणि साल्मोनेला या जंतूचाही विचार करावा).

"जेवताना पाणी प्यायलं की पाचकरस पातळ होतात ना?"

अन्नातच कितीतरी पाणी असतं, वर लिटरच्या लिटर रस शरीर स्वतः ओततं, त्यात एक ग्लास पाण्याने काय बिघडणार. पाणी जठरातून लवकर पुढे सरकतं आणि अ‍ॅसिड लागेल तसं बनत राहतं. त्याच कारणाने "अल्कलाइन" पाण्याचा अल्कलीपणा जठरात गेल्या गेल्या संपतो.

प्रोटीन आणि स्टार्च एकत्र खाल्लं की सडतं म्हणणाऱ्यांना विचारा की डाळीचं काय करायचं, तिच्यात दोन्ही जन्मजात एकत्र आहेत. आईच्या दुधात तर साखर, फॅट, प्रोटीन तिन्ही असतात. पॅनक्रियाज सगळी एन्झाइम एकत्रच पाठवतं हे वर आलंच आहे.

कोलाजेनची पावडर? पलंग आठवा. कोलाजेन हे प्रोटीन आहे, त्याचे तुकडे होऊनच ते आत येतं, त्यातले काही दोन-तीन मण्यांचे तुकडे रक्तात सापडतातही, पण ते मणी चेहऱ्याच्या त्वचेवरच जाऊन बसावेत असा पत्ता त्यांच्यावर लिहिलेला नसतो. आणि डीटॉक्स ज्यूसबद्दल इतकंच म्हणेन की ज्या भिंतीच्या पेशी दर तीन-पाच दिवसांनी स्वतःच बदलतात तिला घासून काढायची गरज नसते.

उरलंसुरलं आणि त्यावर जगणारे

जे शोषलं गेलं नाही ते दीडेक मीटरच्या मोठ्या आतड्यात जातं. इथे अंदाजे ३८ लाख कोटी बॅक्टेरिया राहतात, म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशींच्या जवळपास तेवढेच. आपली एन्झाइम ज्याला हात लावू शकत नाहीत ते फायबर हे बॅक्टेरिया आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी छोटी फॅटी अ‍ॅसिड बनतात, मोठ्या आतड्याच्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. गॅस हा याच कामाचा भाग. त्यातला बहुतेक भाग बिनवासाचा असतो, वास येतो तो सल्फरच्या अगदी किंचित वायूंचा. फायबर एकदम वाढवलं की पोट फुगतं, हळूहळू वाढवलं की बरेच जण रुळतात.

मग ती इंजेक्शनं काय करतात?

लोकांना वाटतं की ती अन्न शोषू देत नाहीत. नाही. लहान आतड्याच्या शेवटाकडे आणि मोठ्या आतड्यात काही पेशी असतात, अन्न आलं की त्या जीएलपी-१ नावाचं हार्मोन सोडतात, म्हणजे सीक्रेटिनच्याच जातीचा निरोप. ते पॅनक्रियाजला इन्सुलिन वाढवायला सांगतं, जठर रिकामं होणं मंदावतं आणि मेंदूला पोट भरल्याचं कळवतं. आपलं नैसर्गिक जीएलपी-१ एक-दोन मिनिटांत निम्मं संपतं. सेमाग्लुटाइडसारखं औषध त्याची नक्कल करतं पण निम्मं व्हायला आठवडाभर घेतं, म्हणून आठवड्याला एक टोचणी. परिणाम काय तर माणूस खातोच कमी. मळमळ हा त्याचा नेहमीचा त्रास, आणि भूल देऊन ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना हे औषध चालू असल्याचं आधी सांगायलाच हवं, कारण उपाशी राहूनही जठरात अन्न उरलेलं असू शकतं. शोषण अडवणारं औषध वेगळं, ऑर्लिस्टॅट. ते फॅट तोडणारं एन्झाइम बंद पाडतं, त्यामुळे खाल्लेल्या फॅटपैकी साधारण ३० टक्के न पचता बाहेर जातं, आणि ते कपड्यांना कळेल अशा पद्धतीने जातं.

भिंतच बिघडली तर

पोट भरून खाऊनही वजन उतरत असेल, शौच फिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारं आणि फ्लश करून न जाणारं होत असेल, किंवा महिनोन्‌महिने गोळ्या घेऊनही लोह वाढत नसेल, तर खाण्यात काय कमी आहे यापेक्षा आत काय जात नाहीये हे बघायला हवं. अशा वेळी एक गोष्ट अनेकदा राहून जाते ती म्हणजे सीलिअ‍ॅक. यात गव्हातल्या ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते आणि ती व्हिलायची बोटं झिजून सपाट होतात. साधारण शंभरात एकाला हा आजार असतो आणि त्यातल्या बऱ्याच जणांना जुलाबही होत नाहीत, फक्त थकवा आणि न हटणारा अ‍ॅनिमिया. याची सुरुवात रक्ताच्या टेस्टने होते, गरज पडली तर दुर्बिणीतून तुकडा काढतात. फक्त एक करू नका, कोणाचं तरी ऐकून टेस्टच्या आधीच गहू बंद करू नका. ग्लूटेन थांबलं की बोटं परत वाढायला लागतात, रक्तातल्या खुणा उतरतात, रिपोर्ट नॉर्मल येतो, आणि मग नक्की निदान करायला डॉक्टर तुम्हाला काही आठवडे पुन्हा गहू खायला सांगतात.